वचनातला एक शब्द

संस्थेचा इतिहास स्थापनेच्या तारखेपासून सुरू करायचा, असा स्मरणिकांचा शिरस्ता आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्सची तारीख ७ नोव्हेंबर १९५०. पण त्या दिवशी सह्या झाल्या त्या एका तहावर. तीस-बत्तीस वर्षे वेगळ्या चुली मांडून बसलेल्या भावंडांनी त्या दिवशी एका घरात राहायचे कबूल केले. चुली वेगळ्या का झाल्या होत्या हे सांगितल्याशिवाय पुढची पंचाहत्तर वर्षे नीट कळणार नाहीत. म्हणून या लेखाचा मागचा भाग जरा लांबला आहे. संपादक मंडळाने कात्री फिरवली नाही, ही त्यांची मेहेरबानी.

भांडण एका शब्दाचे होते. स्काऊट होताना मुलगा उजव्या हाताची तीन बोटे उभी करून वचन देतो. इंग्लंडहून आलेल्या मूळ वचनात ईश्वराच्या जोडीला राजा होता. हा राजा लंडनचा. दहा-बारा वर्षांच्या हिंदी पोराने शीलाला स्मरून त्याच्याशी इमान राखायची शपथ घ्यायची की नाही, हा तो प्रश्न. गाठी, शिट्ट्या, तंबू, शेकोटी यांबद्दल कोणाचाच वाद नव्हता.

गंमत अशी की ज्या विद्येसाठी ही शपथ मागितली जात होती, तिची सुरुवातीची मशागत आपल्याच मातीत झालेली. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, म्हणजे मीरतची छावणी पेटली त्याच वर्षीचा. एकोणीस वर्षांचे असताना ते लष्करी अधिकारी म्हणून लखनौला आले, आणि पुढे १८९७ मध्ये त्याच मीरतला पाचव्या ड्रॅगून गार्ड्स पलटणीचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी शिपायांच्या लहान लहान तुकड्या पाडून त्यांना टेहळणी शिकवली. पाऊलखुणा वाचायच्या, ताऱ्यांवरून दिशा काढायची, हुकमाची वाट न पाहता स्वतःच्या डोक्याने वागायचे. जो या परीक्षेत उतरेल त्याच्या बाहीवर होकायंत्रातल्या उत्तर दिशेच्या टोकासारखा बिल्ला लावायचा. आज आपल्या बिल्ल्यावर दिसणारी तीन पाकळ्यांची खूण तिथून आलेली आहे. या शिकवणीचे टिपण १८९९ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. ते होते सैनिकांसाठी, पण इंग्लंडातले मास्तर ते मुलांना शिकवू लागले. तोवर बेडन-पॉवेल दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगच्या वेढ्यात अडकले होते. २१७ दिवस चाललेल्या त्या वेढ्यात गावातल्या पोरांची एक तुकडी निरोप पोहोचवायची, आधी गाढवांवरून आणि पुढे सायकलींवरून. मुलांवर जबाबदारी टाकली की ती पेलतात, हे तिथे दिसले.

त्याच युद्धात, नाताळच्या बाजूला, आणखी एक तुकडी जखमींच्या डोल्या वाहत होती. सुमारे अकराशे हिंदी माणसांच्या त्या तुकडीचे पुढारी होते बॅरिस्टर मोहनदास गांधी. या दोन तुकड्यांची कधी गाठ पडली नाही. आपल्या संस्थेच्या वंशावळीत मात्र मला दोन्ही दिसतात. गांधींकडे पुन्हा यायचेच आहे.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचे शिबिर झाले. त्यात श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुले होती आणि कामगारवस्तीतलीही, चार संघांत मुद्दाम मिसळून घातलेली. पुढच्याच वर्षी मुलांसाठी लिहिलेले पुस्तक आले आणि चळवळ वणव्यासारखी पसरली. १९०९ मध्ये बेंगळुरूला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी हिंदुस्थानातले पहिले पथक उभे केले. १९१० आणि १९११ मध्ये शिमला, मद्रास, जबलपूर आणि आपल्याकडे खडकी व लोणावळा इथली पथके लंडनच्या कार्यालयात नोंदली गेली. मुलींची पहिली गाईड कंपनीही १९११ ची, जबलपूरची. या सगळ्या पथकांत मुले युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन. मीरतहून गेलेली विद्या परत आली ती अशी, दारावर पाटी लावून.

हिंदी मुलांना का घेत नव्हते? नुसती वर्णाची घमेंड म्हणावी तर ते पुरते खरे नाही. सरकारला भीती वाटत होती. बंगालमध्ये बाँबचे दिवस होते. माग काढणे, लपणे, खुणांनी निरोप देणे, रात्री नकाशाशिवाय वाट शोधणे हे शिकलेला मुलगा पुढे काय करील, असा सरकारचा हिशेब. हिंदी मुलांना स्काऊट करू नये असा हुकूमच होता, आणि कारण हेच की त्यातून क्रांतिकारक तयार होतील. यातला विनोद कलकत्त्याच्या पोलीस खात्याने पुरा केला. तिथले उपायुक्त जे. एस. विल्सन यांनी १९१६ च्या सुमारास बेडन-पॉवेल यांचे मुलांसाठीचे पुस्तक गुप्त पोलिसांच्या शिक्षणासाठी लावले! मुलांना जे वाचायची बंदी, ते पोलिसांना पाठ्यपुस्तक. विल्सन मनाने मात्र सरळ होते. आल्फ्रेड पिकफर्ड यांना साथीला घेऊन त्यांनी हिंदी मुलांसाठी दार उघडा म्हणून खटपट केली, आणि हुकुमाला वळसा घालून बंगालात निराळ्या नावाची संघटनाही निघाली. हेच विल्सन पुढे जागतिक स्काऊट कार्यालयाचे संचालक झाले.

इतरांनी दार उघडण्याची वाट पाहिली नाही. श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ मध्ये शाहजहाँपूरला हिंदी मुलांचे पथक काढले. मद्रासेत ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६ च्या सुमारास स्वतंत्र संघटना केली. आणि प्रयागला १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व बाजपेयी यांनी सेवा समिती स्काऊट असोसिएशन स्थापली. पाठ्यपुस्तकी इतिहास ही तीन नावे एका ओळीत लिहून पुढे जातो. मला कुंझरूंपाशी थांबायचे आहे, कारण त्यांची वाट पुण्यावरून जाते.

खडकीच्या छावणीत गोऱ्या मुलांचे पथक कवायत करीत होते तेव्हा तिथून तीन-चार मैलांवर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात अगदी वेगळे शिक्षण चालू होते. समाजाची स्थापना १२ जून १९०५ ची. देशसेवेला आयुष्य वाहून घेणारे तरुण तयार करायचे, तुटपुंज्या मानधनावर, पाच वर्षांच्या उमेदवारीनंतर. काश्मिरी पंडितांच्या घरातले, आग्र्याकडचे कुंझरू १९०९ मध्ये इथे दाखल झाले. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले आणि दोनच महिन्यांनी हरिद्वारला कुंभ भरला. समाजाने तिथे स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठवले. प्रमुख कुंझरू आणि वैद्यकीय बाजू सांभाळायला डॉ. देव. आफ्रिकेहून नुकतेच परतलेले गांधी आपली फिनिक्स आश्रमातली मंडळी घेऊन मदतीला गेले. त्यांच्या वाट्याला कोणते काम आले, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. डॉ. देवांनी शौचासाठी खड्डे खणून घेतले होते. मैल्यावर माती टाकण्याचे आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे काम गांधींच्या मंडळींनी आपणहून मागून घेतले.

हिंदी स्काऊटिंगच्या उगमाशी मी या खड्ड्यांना ठेवतो. प्रयागच्या सेवा समितीने तीन वर्षांनी स्काऊट संघटना काढली तेव्हा तिच्या नावातच सेवा आधी आणि स्काऊट नंतर होते. बेडन-पॉवेल यांच्या कल्पनेत रोज एक सत्कृत्य होते. स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि कोणाचे तरी काम केले की सोडायची. म्हातारीला रस्ता ओलांडून द्यायचा, इतके ते व्यक्तीपुरते आणि नीटनेटके. इथे गाठ पडली ती लाखोंच्या मेळ्याशी, पटकीशी, चेंगराचेंगरीशी, हरवलेल्या माणसांशी. एकट्याच्या सत्कृत्याला इथे पुरे पडणे शक्य नव्हते. कोणी दोर धरायचा, कोणी पाणी भरायचे, कोणी चुना टाकायचा याची पाळी लावावी लागे. आज ज्याला आपण सेवा प्रकल्प म्हणतो त्याची रीत या गर्दीने घालून दिली, असे माझे मत आहे.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल पती-पत्नी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आली. हिंदी मुलांना घ्यायचे ठरले आणि बेझंटबाईंची संघटना मूळ प्रवाहात मिसळली. सेवा समिती बाहेरच राहिली. अडले ते त्या एका शब्दाशी. देशाशी निष्ठा म्हणा, आमची आत्ता तयारी आहे. राजाचे नाव आमच्या मुलांच्या तोंडी घालू नका, ही तिची भूमिका. १९३७ च्या फेब्रुवारीत दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी झाली, तिला ऐंशीच्या घरातले बेडन-पॉवेल पुन्हा आले. जवळ येण्याची ही दुसरी संधी होती. पण त्यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेले उद्गार छापून आले, देशभर संताप उसळला, आणि जोडण्याऐवजी तुटणेच वाढले. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. अनेक शाळांतून रातोरात बिल्ले बदलले गेले.

संस्थापकांच्या तसबिरीला हार घालून आपण चिंतन दिन साजरा करतो, म्हणून हा प्रसंग स्मरणिकेत गाळावा असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवले होते. मी गाळलेला नाही. ज्याने रीत दिली त्याने आपल्याला कमी लेखले, आणि आपण रीत ठेवून कमीपणा परत केला. यात लाज वाटण्यासारखे आपल्याकडे काही नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला राजाचा प्रश्न आपोआप निकालात निघाला, असे वाटेल. वचनातून राजा गेला, पण कार्यालये, निधी, मैदाने, गणवेशाचे रंग, कोणाचे आयुक्त राहणार आणि कोणाचे जाणार, हे राहिलेच. शब्दावरून फुटलेली घरे नंतर भांड्याकुंड्यांवरून फुटलेली राहतात, हे कोणाही मराठी माणसाला सांगायला नको. शिक्षणमंत्री मौलाना आझादांनी लक्ष घातले, पंडित नेहरूंनी घातले, आणि मसुद्यावर प्रत्यक्ष घासाघीस केली ती शिक्षण खात्याचे सचिव डॉ. ताराचंद यांनी. या खटपटीतली दोन माणसे नागपूरची होती. एक मध्यप्रांत-वऱ्हाडचे राज्यपाल मंगलदास पक्वासा. दुसरे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती विवियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. बोस जुन्या, इंग्लंडशी जोडलेल्या संघटनेचे. कुंझरू आणि बाजपेयी सेवा समितीच्या बाजूचे. तडजोडीसाठी दोन्हीकडे शब्द पाळणारी माणसे लागतात, ती इथे होती. ७ नोव्हेंबर १९५० ला सह्या झाल्या. मुलींची संघटना १५ ऑगस्ट १९५१ ला येऊन मिळाली. नावात 'आणि गाईड्स' आधीपासून होते, त्याला त्या दिवशी अर्थ आला.

कुंझरू १९३६ पासून भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते आणि १९७८ मध्ये जाईपर्यंत राहिले. भारतरत्न देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाही. छातीवर बिल्ले लावणाऱ्या चळवळीच्या या शिल्पकाराने देशातला सर्वांत मोठा बिल्ला नाकारला, याची नोंद पुरस्कारांच्या प्रकरणाआधी करून ठेवतो.

नव्या संस्थेने वचन आणि नियम पुन्हा लिहिले. ईश्वर राहिला, आणि ज्याला तो शब्द नको त्याने 'धर्म' म्हणावे अशी मोकळीक राहिली. राजाच्या जागी देश आला. नियम नऊ. त्यांतला एक बदल मला फार आवडतो. इंग्रजी नियमात मोठ्यांचे हुकूम पाळण्यावर भर होता. आपल्याकडे त्या जागी शिस्त आली आणि तिच्या शेजारी सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण येऊन बसले. ज्या देशात 'सरकारी' म्हणजे कोणाचेच नाही असे समजतात, तिथे एसटीच्या सीटवर ब्लेड न मारणे हे वचनाच्या पातळीवर नेऊन ठेवायला धाडस लागते.

त्यानंतरची इमारतींची हकिकत थोडक्यात. १९५६ मध्ये पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र झाले. आज हिमालय वुड बॅजसाठी शिक्षक जातात ते तिथे. १९५९ मध्ये जागतिक स्काऊट परिषद नवी दिल्लीत भरली. आशियात ती पहिल्यांदाच आली होती. राज्याराज्यांत शाखा झाल्या, आणि रेल्वेच्या विभागांना राज्याचाच दर्जा मिळाल्यामुळे मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे यांचे आपले स्काऊट झाले. उन्हाळ्यात फलाटावर गाडी थांबली की खिडक्यांशी पाण्याच्या बादल्या घेऊन धावणारी मुले बऱ्याच वाचकांना आठवत असतील. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवरचा स्काऊट हॉल क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला उभा आहे. कित्येक मुंबईकरांना तो लग्नाच्या किंवा व्याख्यानाच्या निमित्तानेच माहीत असतो.

पुण्याची गोष्ट मात्र दोन वाक्यांत उरकण्याजोगी नाही. गाईड्सची जागतिक संघटना जगात निवडक ठिकाणी आपली घरे बांधते. पहिले घर १९३२ मध्ये स्वित्झर्लंडच्या आडेलबोडेनला झाले, दुसरे १९३९ मध्ये लंडनला, तिसरे १९५७ मध्ये मेक्सिकोत क्वेर्नाव्हाकाला. चौथे आशियात हवे असे ठरले आणि ते आले पुण्यात, आळंदी रस्त्यावर. त्याचे नाव 'संगम'. १६ ऑक्टोबर १९६६ ला ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांनी त्याचे उद्घाटन केले. त्यांचाही वाढदिवस २२ फेब्रुवारीच, म्हणून पती-पत्नींच्या एकाच तारखेला आपण चिंतन दिन पाळतो. संस्थेच्या राष्ट्रीय आयुक्त लक्ष्मी मजुमदार या काळातल्या मोठ्या कर्त्या बाई. दिल्लीचे राष्ट्रीय मुख्यालय आज त्यांच्या नावाने आहे. संगममध्ये देशोदेशीच्या मुली येऊन राहतात, पुण्यातल्या स्थानिक संस्थांबरोबर काम करतात, वरण-भात हाताने खायला शिकतात. ज्या वाटेने ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुण्यात येते त्याच रस्त्यावर हे घर आहे, हा योगायोगच, पण गर्दीच्या सेवेतून वाढलेल्या संघटनेला तो शोभतो.

गर्दीवरून एक आठवण. १९९१ च्या नाशिकच्या सिंहस्थात आमचे शालेय पथक सेवेला होते. मी संघनायकही नव्हतो. रामकुंडाकडे येणाऱ्या वाटेवर दोर धरून उभा राहणाऱ्यांतला एक. दोर धरणे हे काम वाटते तितके सोपे नाही. दोर छातीशी घेतला की मागच्या रेट्याने माणूस स्वतःच अडकतो. तो कमरेखाली आणि सैल धरायचा, आणि गर्दी अडवायची नाही, वळवायची, हे आम्हाला आदल्या दिवशी तासभर घटवले होते. दुपारी माझी पाळी हरवलेल्यांच्या तंबूत आली. तिथे एक आजी येऊन बसल्या. गाव सांगितले, तालुका सांगितला. माणसाचे नाव विचारले की पदराआड हसायच्या आणि गप्प व्हायच्या. कर्ण्यावरून पुकारायचे तरी काय? आमचे गुरुजी हताश झाले. तेव्हा आमच्याबरोबरच्या गाईड कंपनीतली सातवी-आठवीतली एक मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, ''आजी, मग नाव तरी घ्या की.'' आजींनी लगेच ताट-वाटी, जिलबी असे काहीतरी यमक जुळवून झोकात उखाणा घेतला आणि नाव बाहेर पडले. अर्ध्या तासात आजोबा हजर, वर आजींवरच रागावलेले.

त्या मुलीला या कामासाठी कोणते प्रावीण्य पदक द्यायचे? पुस्तकात तसे पदक नाही. इथून मी पुरस्कारांकडे येतो.

आपली शिडी सर्वांना पाठ आहे. पाच ते दहा वर्षांचे कब आणि बुलबुल. त्यांपैकी कबांचे अकेला, बाळू, बघिरा सगळे किपलिंगच्या रानातले. ते रान कागदावर शिवनीचे, म्हणजे नागपूरहून दोन-अडीच तासांवरचे. मग स्काऊट आणि गाईड. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. देशाचे राष्ट्रपती हे संस्थेचे आश्रयदाते, म्हणून त्यांच्या नावाचा हा मान. त्यापुढे रोव्हर आणि रेंजर, ज्यांचे ब्रीदच 'सेवा'. चाचणी शिबिरात गाठी, प्रथमोपचार, नकाशा, बिनभांड्याचा स्वयंपाक आणि तोंडी परीक्षा, आणि त्याआधी केलेल्या सेवाकार्याची लॉगबुकात नोंद. पथकांसाठी पंतप्रधान ढाल स्पर्धा आहे, त्यात वर्षभराच्या समाजकार्याचा आढावा घेतला जातो. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर शाई लावणारी, मतदानाच्या दिवशी चाकाच्या खुर्चीवरून आजोबांना आत नेणारी मुले याच शिडीवरची.

शिडीला बाजारभाव आला तेव्हापासून तिच्यावरची गर्दी वाढली, हेही लिहायला हवे. राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्यांसाठी रेल्वेभरतीत स्काऊट कोटा असतो. दहावीला सवलतीचे गुण मिळतात. यात गैर काही नाही. खेडेगावातल्या एखाद्या पोराला या बिल्ल्याने नोकरी मिळाली असेल तर तो बिल्ला सोन्याचा. पण गुणांसाठी आलेली लॉगबुके तपासायला बसलो की एकाच हस्ताक्षरातली सात लॉगबुके हाती येतात. एका ठिकाणी तर पाच मुलांनी एकाच झाडाशेजारी उभे राहून, रोप तेच ठेवून, पाच वेगळे वृक्षारोपण प्रकल्प दाखवले होते. रोप बिचारे प्रत्येक फोटोत अधिकाधिक मलूल होत गेलेले. शाळेचे नाव लिहीत नाही. त्या वर्षी आम्ही पाचही लॉगबुके परत केली आणि रोप मात्र शाळेच्या आवारात नीट लावून घेतले.

खरी कमाईचेही तसेच. इंग्लंडात १९४९ पासून मुले शेजाऱ्यांची लहानसहान कामे करून पैसे मिळवू लागली, त्याच धर्तीची आपली खरी कमाई. माझ्या लहानपणी आम्ही एसटी स्टँडवर बूट पॉलिश केले, गल्लीतल्या सायकली पुसल्या, एका डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाटल्या धुतल्या. आता बहुतेक शाळांत त्या नावाने खाऊगल्ली भरते. आई भेळ कालवून देते, मुलगा ती विकतो आणि दुसऱ्या मुलाची आई ती विकत घेते. पैसे एका पर्समधून दुसऱ्या पर्समध्ये जातात. भेळ उत्तम असते, हे मान्य.

या बाबतीत अमेरिकेकडून थोडे शिकण्यासारखे आहे. तिथल्या चळवळीची स्थापना ८ फेब्रुवारी १९१० ची. तिचा सर्वोच्च मान म्हणजे ईगल स्काऊट. पहिला ईगल १९१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला आर्थर एल्ड्रेड. तेव्हा फक्त पदके मोजत, एकवीस. १९६५ मध्ये त्यांनी सेवा प्रकल्पाची अट घातली. आज उमेदवाराला तो स्वतः आखावा आणि दुसऱ्यांकडून करवून घ्यावा लागतो. नुसते राबायचे नाही, नेतृत्व करायचे. प्रकल्प शाळेसाठी, धर्मस्थानासाठी किंवा गावासाठी हवा; स्काऊट संघटनेच्या स्वतःच्या फायद्याचा चालत नाही. कामाला हात लावण्याआधी लाभ घेणाऱ्या संस्थेची आणि स्काऊटमधल्या वरिष्ठांची लेखी मंजुरी लागते. किती तास काम केले याची अट नाही. हे सगळे अठराव्या वाढदिवसाआधी. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमधल्या मराठी घरांतली मुलेही आता ईगल होतात, आणि २०१९ पासून तिथे मुलींनाही दार उघडल्यामुळे मुलीही. देवळाच्या आवारात बाक, शाळेत वाफे, वाचनालयाला कपाटे अशी ती कामे.

माझ्या नात्यातल्या एका मुलाने तिथे पायवाट दुरुस्त केली. त्याची कागदपत्रे मी सुट्टीत सगळी वाचली. त्यात एक पान होते : काय चुकले आणि तेव्हा काय केले. खडी कमी पडली होती, दोन मित्र आलेच नाहीत, मग त्याने शेजारच्या पथकाला फोन केला, वगैरे. आपल्या लॉगबुकात हे पान नसते. आपल्याकडे सर्व उपक्रम 'यशस्वीरीत्या' पार पडतात. त्यांच्याकडे चोवीस जणांचे काम एका मुलाच्या नावावर लागते आणि आपल्याकडे चोवीस जणांच्या कामात एकही नाव लागत नाही; दोन्हींत थोडी थोडी खोट आहे. हरिद्वारला खड्ड्यांवर माती टाकणाऱ्यांची यादी कोणी केली असेल असे मला वाटत नाही. पण आजच्या चौदा वर्षांच्या मुलीने गावातली पाणपोई एका वर्षासाठी आपल्या अंगावर घेतली, तर तिच्या लॉगबुकात ती पाणपोई कोणत्या आठवड्यात कोरडी पडली हेही यावे, अशी दुरुस्ती आमच्या जिल्ह्यापुरती आम्ही यंदा सुचवली आहे. शिक्षकांच्या बैठकीत तिच्यावर दीड तास चर्चा झाली. बहुतेकांचा आक्षेप एकच होता : वरच्या तपासणीत अशी नोंद दिसली तर गुण कमी होतील. दुरुस्ती पुढच्या बैठकीवर ढकलली आहे.

७ नोव्हेंबर हा आपला ध्वजदिन. त्या दिवशी मुलांनी छोटे झेंडे, स्टिकर लोकांच्या छातीवर लावून निधी गोळा करायचा. पण १९५० साली सह्या करणाऱ्या थोरामोठ्यांनी शाळेचे वेळापत्रक पाहिलेले दिसत नाही, कारण महाराष्ट्रात ही तारीख पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत येते. त्यामुळे जिल्हा कार्यालयाकडून आलेला स्टिकरांचा गठ्ठा मुख्याध्यापकांच्या कपाटात पडून राहतो, आणि शाळा उघडली की कोणीतरी गाईड आठवणीने किल्ली मागायला जाते.